समोरून वारा

"काल चाळीस मिनिटं म्हणालीस, आज म्हणतेस तास! मधला डोंगर कुणी उचलून लांब ठेवला की काय?" आईने विचारलं.

"अंतर तेवढंच आहे गं. वारा समोरून आहे." विमानतळाच्या काउंटरवर बसलेली थोरली लेक बोलत होती आईशी, पण डोळे होते खिडकीबाहेरच्या चिमुकल्या विमानावर.

पलीकडच्या गावी धाकटी हॉस्पिटलात होती. बाळ आडवं आलेलं, दुपारी ऑपरेशन. नवरा बोटीवर, भर समुद्रात. "आई आल्याशिवाय मी आत जाणार नाही," हेच पालुपद तिने सकाळपासून लावलं होतं. रस्त्याने जायचं तर डोंगराला वळसा घालण्यात अख्खा दिवस मोडणार.

तेवढ्यात विमानाचा कॅप्टन आत आला. "या वाऱ्यात इंधन जास्त लागणार. तेवढं वजन उतरवा. एक माणूस, नाहीतर तेवढं सामान."

माणूस उतरवायचा तर आधी कर्मचाऱ्याच्या घरचा, सवलतीच्या तिकिटावरचा. म्हणजे आईच.

आईला ते सांगावं लागलं नाही. ती उठलीच. "मी राहते. तुझ्या नोकरीवर गदा नको."

"बस खाली!" थोरली ओरडली. मग प्रवाशांकडे वळून, आवाज कसाबसा खाली आणत म्हणाली, "ज्यांना जमेल त्यांनी सामान ठेवून जा. संध्याकाळच्या विमानाने पाठवते. तिकडे माझी बहीण अडलीय."

कुणी हललं नाही. तिने आधी आईचीच पिशवी काट्यावर ठेवली. दुपटी, झबली, महिनाभर बसून शिवलेली.

"अगं, मी काय हात हलवत जाऊ?"

"रिकामेच बरे. बाळ घ्यायचंय ना?"

एका शिक्षिकेने पुस्तकांचा गठ्ठा आणून ठेवला. एक धिप्पाड गृहस्थ बॅग ठेवता ठेवता पुटपुटले, "आधी कळतं तर सकाळी चार घास कमी खाल्ले असते." काटा चढत होता, पण रडतखडत.

उरल्या त्या एका फिरत्या नळविक्याच्या दोन पेट्या. तो त्यांच्यावर कोंबडीसारखा बसला होता. "नमुने ठेवून जाऊ? मग दुकानदाराला काय, तोंड दाखवू?"

"वारा वाढतोय," कॅप्टन म्हणाला. "आता नाही निघालो, तर कुणीच जाणार नाही."

थोरलीने नळविक्याकडे बघायचं टाळलं. बघितलं असतं तर रडू फुटलं असतं, नाहीतर तोंडातून शिवी गेली असती. आई मुकाट्याने दाराकडे चालू लागली, बाहेरच्या दाराकडे.

मागे खणखणाट झाला. नळविक्या पेटी उघडून पितळी नळ काट्यावर टाकत होता. "अर्धेच हं! अर्धेच देतोय! आणि बाई, तुम्ही कुठे निघालात? विमान इकडे आहे."

कॅप्टनने वाकून काटा पाहिला. "चला."

विमान धावपट्टी सोडून वर गेलं आणि आकाशात जागच्या जागी टांगल्यासारखं दिसू लागलं. फोन वाजला.

"निघाली?" धाकटी.

"निघाली. पण आज वेळ लागेल. डॉक्टरांना विचार, थांबतील का."

पलीकडे कुजबुज झाली. थोरलीने टेबलाची कड घट्ट धरली.

"थांबतायत. पण फार नाही म्हणाले." धाकटीने नाक ओढलं. "काय काय आणतेय गं ती?"

"काही नाही. नुसतीच येतेय."

"येऊ दे," धाकटी म्हणाली. "लवकर येऊ दे."