अर्धं बॉनेट

"दुकानात मला आई म्हणायचं नाही," गाडी जेसल पार्ककडे वळली तशी अनसूयाबाईंनी मुलाला तंबी दिली. "मावशी म्हण. आणि मिनलचं नाव तोंडातून निघालं तर बघ."

"अगं पण आई..."

"हे बघ! इथंच चुकलास."

महिपत पन्नाशीचा गृहस्थ. ऑफिसात चार माणसं त्याला साहेब म्हणतात, पण आईसमोर त्याची जीभ टाळूला चिकटते. अनसूयाबाईंनी मांडीवरची पिशवी घट्ट धरली. पिशवीत भांडी घासायच्या साबणाची बाटली होती. ती कशाला, हे त्यांनी महिपतलाही सांगितलं नव्हतं.

महिपतच्या मुलीनं, मिनलनं, जेवताना सांगून टाकलं होतं: एक मुलगा आहे, जितेश नावाचा, आपल्या रत्नागिरीकडचाच, जेसल पार्कला गाड्या पॉलिश करायचं दुकान आहे. त्या घरात शेवटचा शब्द अनसूयाबाईंचा. त्या नाही म्हणाल्या तर पुढे ब्र काढायची कुणाची टाप नव्हती. म्हणून पोर हातातला घास तसाच धरून आजीच्या तोंडाकडे बघत राहिली होती.

"करतो काय नेमकं?" अनसूयाबाईंनी विचारलं होतं.

"आजी, आपल्या गाडीवर उन्हात ते बारीक गोल गोल ओरखडे दिसतात ना, तसले काढतो."

"काढतो की झाकतो?"

मिनलनं हातातला घास ताटात ठेवला, आणि तिथंच अनसूयाबाईंच्या मनात पाल चुकचुकली. लोकांचे डाग दिसेनासे करायचे हाच ज्याचा धंदा, तो स्वतःचे किती दडवून बसला असेल? शाळा त्यांनी दुसरीतच सोडली होती, पण भाईंदरच्या बाजारात रंगवलेले कल्ले बघून मासळीवालीला आल्या पावली परत पाठवणारी बाई ती. आणि एकदा पोळलेलीही होती. गणपतीआधी भाईंदर पश्चिमेच्या एका पॉलिशवाल्यानं हीच काळी गाडी आरशासारखी करून दिली होती. विसर्जनापर्यंत दोनदा धुतली नाही तोच ओरखड्यांची सगळी जाळी परत वर! मेल्यानं नुसतं तेलकट काहीतरी चोपडलं होतं.

दुकान म्हणजे पत्र्याची शेड. जितेश अंगानं बारीक, कोपरापर्यंत पांढरी धूळ. तो पुढे आला, त्यानं गाडीकडे पाहिलं, मग अनसूयाबाईंकडे, आणि क्षणभर घुटमळला.

'का बरं घुटमळला?' अनसूयाबाईंनी मनात गाठ मारून ठेवली.

"या मावशी, बसा. पंखा लावतो."

"पंखा राहू दे. गाडी बघ."

त्यानं बॉनेटवर टॉर्च मारली. उजेडाभोवती कोळ्याचं जाळं विणल्यासारखे ओरखडेच ओरखडे उमटले. एक मात्र वेगळा होता, लांब, आडवा. गेल्या वर्षीच्या दसऱ्याला गाडीपुढे फोडताना नारळ निसटून बॉनेटवर घासला होता, त्याचा.

"सगळं जाईल ना? हा मोठा पण?" त्यांनी अगदी भोळ्या चेहऱ्यानं विचारलं. पश्चिमेचा तो पॉलिशवाला म्हणाला होता, डोळे झाकून जाईल.

जितेशनं त्या ओरखड्यावरून आडवं नख फिरवलं. नख अडकलं.

"हा नाही जाणार. खोल आहे. तो काढायला गेलो तर खालचा रंगच उघडा पडेल. कडा थोड्या मऊ करतो, पण दिसणार तो."

"मग तुझ्याकडे यायचं कशाला? घरी बसूनही दिसतोच आहे."

"बाकीचे जातील, मावशी."

"आधी अर्ध्यावर करून दाखव. माझ्यासमोर."

त्यानं बॉनेट धुतलं, पुसलं, मधोमध कागदी पट्टी चिकटवली आणि डाव्या अर्ध्या भागावर मशीन सुरू केलं. पोळीएवढ्या फोमवर पांढरी मलई घेऊन ते गरगर फिरू लागलं. अनसूयाबाईंनी खुर्ची पुढे ओढली. डाव्या हातानं उजवीकडे काही खरडत तर नाही ना हा, म्हणजे फरक मोठा दिसावा? डोळ्यांची पापणी लवू दिली नाही त्यांनी. मलईचा वासही घेऊन झाला.

"मावशी, डोळ्यात उडेल. जरा मागे."

"उडू दे. मला मागून दिसत नाही."

काम झालं तशी महिपतनं गाडी उन्हात काढली. पट्टीच्या एका बाजूला जाळं, दुसऱ्या बाजूला काळं कुळकुळीत पाणी. महिपतच्या तोंडून "वा!" निघून गेलं. अनसूयाबाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की उरलेला वा त्यानं गिळला. मग त्यांनी पिशवीतून साबणाची बाटली काढली आणि त्या चकाकीवर बदाबदा ओतली.

"आई! अगं... मावशी, काय करताय?"

जितेश जागचा हलला नाही. "घासू द्या त्यांना. पण मावशी, साबणानं पुरतं कळायचं नाही. हे स्पिरिट घ्या. काही चोपडलेलं असेल तर सगळं उतरेल."

"तुझी बाटली मी कशाला घेऊ? त्यात काय भरलंयस कुणास ठाऊक." तरी त्यांनी बूच काढून हुंगलं. सुई टोचण्याआधी दवाखान्यात येतो तोच वास. साबण धुऊन झाल्यावर त्यांनी स्पिरिटनं पुसलं. चकाकी होती तिथंच होती. नारळाचा तो एक ओरखडा तेवढा सरळ समोर दिसत होता.

बरं, हात चांगला आहे, त्यांनी मनाशी कबूल केलं. पण हात चांगला असून माणूस लबाड असतोच की.

"हे एवढे ओरखडे आले कुठून?" त्यांनी विचारलं. "आमचा वॉचमन पुसतो गाडी. त्याचंच काम असणार. हो ना?"

खरं तर गाडी रोज सकाळी त्या स्वतः पुसत. जुन्या लुगड्याचं फडकं घेऊन, समई घासावी तशी गोल गोल. सोसायटीत आपल्याच गाडीला तेज आहे, असं त्या चारचौघींत सांगत.

जितेशनं महिपतकडे पाहिलं. महिपत विजेच्या तारांवरचे कावळे बघत होता.

"वॉचमन नाही, मावशी. वॉचमन एवढ्या मायेनं पुसत नाही. हे कुणीतरी रोज, कोरड्या फडक्यानं, जोर लावून केलंय. धूळ न धुता घासली की ती कानशीसारखी चालते. आणि हे इथं बघा, हातातली पाटली घासत गेलीय."

अनसूयाबाईंनी पाटल्यांचा हात पदराआड घेतला. "जास्त शहाणा आहेस."

तो हसला नाही, माफीही मागितली नाही. समोरच्या टपरीकडे वळून ओरडला, "भैया, तीन कटिंग! दो मीठा, एक फीका!"

फिका स्वतःसाठी असेल, असं अनसूयाबाईंना वाटलं. चहा आला. त्यानं एक ग्लास त्यांच्या हातात दिला. एक घोट घेतला आणि त्या थांबल्या.

"यात साखर नाही."

"नाही."

"मला साखर चालत नाही, हे तुला कुणी सांगितलं?"

महिपतला ठसका लागला. जितेशनं हात पँटला पुसले.

"मिनलनं."

"म्हणजे तू ओळखलं होतंस. कधीपासून?"

"गाडी वळली तेव्हाच, आजी. हीच गाडी तिला स्टेशनला सोडायला येते ना."

"आणि तिनं तुला काय पढवलंय?"

"म्हणाली, आजी कधी ना कधी येणारच तपासायला. आली तर गोड बोल. साखर मात्र देऊ नकोस."

"मग गोड का नाही बोललास?"

"बोललो असतो. पण उद्या सकाळी तुम्ही पुन्हा तेच फडकं घेतलं असतं."

अनसूयाबाई फिका चहा पीत राहिल्या. हा खरेपणासुद्धा घासूनपुसून आणलेला नसेल कशावरून? त्यांनी तो उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला. वॉचमन त्यांनी आयता त्याच्या ताटात वाढला होता. हो म्हणाला असता तर काय बिघडत होतं? होणाऱ्या आजेसासूचं मन राखलं गेलं असतं. तेही समोर कोण बसलंय ते माहीत असताना! लबाड माणूस एवढा तोट्याचा सौदा करत नाही. आणि करत असेल, तर तो फारच पोचलेला म्हणायचा.

"आता उरलेलं अर्धं करतो," जितेश मशीन उचलत म्हणाला.

"ठेव खाली. अर्धंच राहू दे."

जितेशचा चेहरा उतरला. महिपतनं हातातला ग्लास खाली ठेवला.

"उरलेलं अर्धं रविवारी घरी येऊन कर," अनसूयाबाई उठल्या. "तुझ्या आईवडिलांना घेऊन ये. तोवर मी हे आणखी चारदा धुऊन बघणार आहे. जाळं परत आलं तर खालूनच माघारी जायचं, जिना चढायचा नाही."

"येतो, आजी." त्यानं घडी केलेलं एक मऊ फडकं पुढे केलं. "आधी पाणी मारा, मग यानं पुसा. गोल नको, सरळ."

"मला पुसायला शिकवतोस?" असं म्हणत त्यांनी फडकं ओढून घेतलं, उन्हात धरून दोन्ही बाजूंनी बघितलं आणि साबणाच्या बाटलीशेजारी पिशवीत कोंबलं. "आणि रविवारी फार नटूनथटून येऊ नका. मला मग संशय येतो."

गाडी मुख्य रस्त्याला लागेपर्यंत महिपतनं कसाबसा दम धरला.

"मावशी, मग मिनलला काय सांगू?"

"आता आई म्हण, मेल्या," अनसूयाबाई म्हणाल्या. "आणि सावकाश चालव. धूळ बसेल."