डॉक्टरांचा हिमचंपा

दातांच्या डॉक्टरांनी दवाखान्यामागच्या अंगणात हिमचंपा लावला आणि बायकोच्या डोक्याला ताप झाला. पानं वीतभर लांब, वरून तुळतुळीत, खालून तपकिरी मखमल. पण फुलाचा पत्ता नाही. डॉक्टरांना तर मुळापर्यंत गेल्याशिवाय चैन पडत नसे. दर सुट्टीला खुरपं घेऊन बुंध्याशी खणत बसायचे. आधी ऊन कमी पडतं म्हणून झाड हलवलं, मग वाऱ्याने पानं फाटतात म्हणून उपटून भिंतीच्या आडोशाला आणलं. झाड बिचारं पिवळं पडलं.

"अहो, ते झाड आहे, अक्कलदाढ नव्हे!" बायको कडाडली. "ऊन आहे, आडोसा आहे, माती भुसभुशीत आहे. आता त्याला जरा रुजू द्या की!"

तिने खुरपं कपाटात टाकून कुलूप लावलं. गळलेली पानं झाडून टाकणंही बंद केलं. ओल टिकावी म्हणून ती बुंध्याभोवतीच पसरून दिली.

डॉक्टरांचे हात शिवशिवायचे. "नुसतं एक बोट घालून ओल बघू का गं?"

"बोट पेशंटच्या तोंडात घाला."

मग ते संध्याकाळी चहाचा कप घेऊन झाडापाशी नुसतेच बसू लागले. बायकोही येऊन टेकायची. संसाराच्या धबडग्यात राहून गेलेल्या गप्पा तिथे रंगू लागल्या. झाडानेही हळूहळू जीव धरला. दोन वर्षांनी शेंड्याला एक टपोरी कळी आली.

एका सकाळी डॉक्टर बेकरीवाल्याची दाढ भरत होते, तोच बायको धापा टाकत आत आली. "अहो, उमललं!"

"आलोच हं," म्हणून डॉक्टरांनी धूम ठोकली. मागोमाग बेकरीवालाही, अर्धं तोंड बधिर, गळ्यात रुमाल तसाच.

वाडग्याएवढं पांढरंशुभ्र फूल! लिंबासारखा मंद वास. डॉक्टरांचे डोळे भरून आले.

"शुंदल!" बेकरीवाला कसाबसा म्हणाला. बायको हसून हसून खाली बसली.

बाहेर ताटकळलेले पेशंटही हसण्याच्या आवाजाने मागे अंगणात आले. बायकोने स्टूल आणलं, डॉक्टरांनी ते घट्ट धरलं आणि एकेकाला वर चढवून फुलाचा वास घेऊ दिला. त्या दिवशी कुणालाच दाढदुखीची आठवण राहिली नाही.