देवळामागचं वूड

ऋत्विकचा माझ्यावर भलताच विश्वास, आणि माझा त्याच्यावर काडीचाही नाही. हा महाडचा लाकडाचा दलाल. मी कुडपणची, पण नेट मिळतं म्हणून पोलादपुरात खोली घेऊन राहते आणि स्पॅनिश भाषांतरं करते. स्पेनच्या एका फर्निचरवाल्याला पाठवायला त्याने इंग्रजी मजकूर दिला. त्यात होतं, कुडपणच्या देवळामागचं जुनं 'वूड' विकायचं आहे.

आता वूड म्हणजे नेमकं काय? स्पॅनिशमध्ये कापलेलं लाकूड ते मादेरा, जळण ते लेन्या आणि झाडांचं उभं रान ते बोस्के. मी सरळ फोन लावला.

"मादेरा टाक. जुन्या देवळाच्या तुळया आहेत," ऋत्विक म्हणाला.

"मग तुळयांचे फोटो पाठव."

फोटो आले ते आमच्या देवराईतल्या झाडांचे. त्या राईतली पडलेली काटकीसुद्धा आम्ही चुलीत घालत नाही. मी परत फोन करून त्याला चांगलंच झापलं.

"चिडतेस कशाला? तुझ्या बाबांनीच कौल लावलाय. देवाने उजवा दिलाय," तो हसत म्हणाला.

खोटारडा, म्हणून मी फोन आपटला खरा, पण मनात पाल चुकचुकलीच. राईला हात लावायचा तर आधी देवाच्या पाषाणाला फुलं चिकटवून विचारायचं. उजवीकडचं पडलं तर होकार, डावीकडचं पडलं तर नकार. हा मान गावात माझ्या बाबांचा. आणि देवळाला स्लॅब हवा, पण पैसे कुठनं आणायचे, हे बाबांचं वर्षभराचं पालुपद. स्वतःच्या बापावर संशय घ्यायची लाज वाटत होती, तरी मी दुपारची गाडी धरून वर कुडपणला गेले.

बाबा ओटीवर सुपारी कातरत होते.

"बाबा, राईसाठी कौल लावलात?"

"लावला ना. उजवा दिला देवानं. पत्र्यातनं गळतंय गो त्याच्या डोक्यावर. स्लॅब नको?"

"पहिल्याच खेपेला उजवा दिला?"

अडकित्ता थांबला. "पयल्यांदा डावा आला," ते खाली बघत म्हणाले. "दुसऱ्यांदाबी डावाच."

"मग?"

"मग उजवा येईस्तोवर लावला."

मला रडूच आलं. ऋत्विक खोटं बोलला असता तर किती बरं झालं असतं! मी देवळाच्या चढावर गेले, तिथे रेंज येते, आणि फोनवरच भाषांतर संपवलं. बोस्के लिहिलं. खाली स्वच्छ शब्दांत घातलं की ही देवाची राई आहे, तोडायची नाही. ऋत्विकला टाळून ते मजकुरातल्या पत्त्यावर थेट स्पेनला पाठवलं.

परतले तेव्हा बाबा तिथेच बसले होते.

"काय लिवलंस?"

"देव पहिल्यांदा बोलला ते."

ते भांडतील असं मला वाटलं होतं. त्यांनी फक्त मान हलवली आणि ओझं उतरल्यासारखा श्वास सोडला.