तालीला टेकलेली माती

संपतला मी आप्पा म्हणते ते गावची रीत म्हणून. एरवी जे म्हणावंसं वाटतं ते लिहिण्यासारखं नाही.

इनामगावच्या अंगाला, उतारावर वर त्याचं रान, खाली आमचा तुकडा. दोन्ही रानांना खालच्या बाजूनं ताल होती. ताल म्हणजे उताराला आडवी रचलेली दगडांची भिंत. पाणी अडतं, माती बसते, जास्तीचं पाणी सांडव्यातून निघून जातं. आमची ताल माझ्या सासूनं, सोजराबाईंनी, ओढ्यातले दगड डोक्यावर आणून घातली. तेव्हा तुकड्यात नुसता मुरूम होता. गावकुसाबाहेरच्या आमच्या वस्तीला गावानं दुसरं काय द्यायचं?

या उन्हाळ्यात आप्पानं जेसीबी लावून आपली ताल उपटली. ट्रॅक्टर वळवायला अडचण होते, आणि उसाच्या दोन सऱ्या वाढतील म्हणे. सोजराबाई सांगायला गेल्या.

"आप्पा, तुमच्या आज्यानं घातलेली ताल हाय. माती जाईल."

तो हसला. "पाटाला पानी हाय, सोजराबाई. तालीचं आता कुणाला काय पडलंय?"

जुलैत एका दुपारी पाऊस नुसता ओतला. आप्पाच्या रानातली काळी माती उसाच्या नव्या बेण्यासकट खाली आली आणि आमच्या तालीला टेकली. वर मुरूम उघडा पडला. आमची ताल हलली नाही.

चिखल जरा सुकल्यावर आप्पा जेसीबी आणि ट्रॉली घेऊन खालच्या वाटेनं आला. "माती माझी हाय. तालीला खिंडार पाडतो, मशीन आत घालतो आन् नेतो. मागनं घ्या बुजवून."

घ्या बुजवून! माझ्या डोक्यात तिडीक गेली. खिंडार पडलं की पुढच्या पावसात आमचीही माती जाणार, सासूची सगळी हयात घोडनदीला मिळणार.

मी जेसीबीसमोर उभी राहिले. "तालीला हात लावायचा न्हाई. माती तुमची ना? न्या की. पर डोक्यावर न्या. आत्यांनी दगडं आणली तशी." आणि घमेलं त्याच्या पायाशी आपटलं.

ड्रायव्हरनं मशीन बंद केलं. वाटेवर माणसं जमली होती, मागं फिरणं आप्पाला कमीपणाचं. रागारागानं ताल ओलांडून त्यानं फावड्यानं घमेलं शिगोशीग भरलं. वाकला, गुडघ्यापर्यंत उचललं आणि परत टेकवलं. आतून ओली माती, जड. ती डोक्यावर चढवायला दुसऱ्याचा हात लागतो, आणि आमच्याकडं तो हात कुणी वैऱ्यालाही नाकारत नाही.

"जरा हात लावा," तो म्हणाला. कुणाकडंच न बघता.

तालीवर बसलेल्या सोजराबाई सवयीनं उठल्या. मी त्यांचं मनगट धरलं.

"बसा, आत्या."

"अगं गौतमी, वझं हाय त्येचं."

"तुमी दगडं वाहिली तवा त्यो हितंच बांधावर हुबा असायचा. कवा लावला त्यानं हात?"

सोजराबाईंनी घमेल्याकडं बघितलं. मग तालीवर परत बसल्या.