चाळीसपैकी चौतीस

बारामतीच्या एका संस्थेनं आमच्या पळसदेवच्या शाळेला पाहणीचे फॉर्म पाठवले. पोरं फोनपायी किती बिघडली आणि मनानं किती खचली, हे मोजायचं होतं. वीस प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते दोन गुण. बेरीज जेवढी जास्त, तेवढं दुखणं मोठं. भरून घ्यायचे मी, बेरीजही माझीच.

पाचवीच्या पोरांनी मला चांगलंच गुंडाळलं. जेवतानाही ज्याच्या हातातला मोबाईल सुटत नाही, त्या रविराजनं ‘रोज अर्धा तास, तोही अभ्यासाला’ असं लिहून सगळं चार गुणांत उरकलं. हिंदुरावांच्या राजनंदिनीला दोन. एवढं सद्गुणी गाव मी बावीस वर्षांच्या नोकरीत पाहिलं नव्हतं. खरं लिहिलं एकट्या पायलनं. रोज तीन तास. फोन काढून घेतला तर रडू येतं: नेहमी. फोनशिवाय एकटं वाटतं: नेहमी. चाळीसपैकी चौतीस.

गुणांची यादी टेबलावर उघडी टाकून मी चहाला गेलो, ही चूक माझी. मधल्या सुट्टीत बातमी वस्तीवर पोचली, आणि शाळा सुटताना पायलची आजी, ताईबाई, वाटीत साखर घेऊन हजर.

“जयभीम, गुरुजी. नात पयली आली माजी. तोंड गोड करा.”

साखर मी आधी तोंडात टाकली, मग खरं सांगितलं. ताईबाईंनी वाटीवर पदर ओढला.

“अकरा घरं वाटून आले की वो मी,” त्या म्हणाल्या.

त्याच संध्याकाळी घरचा फोन ट्रंकेत गेला. संस्थेच्या कागदातही लिहिलं होतं, गुण जास्त तर महिनाभर फोन बंद, मग पुन्हा फॉर्म. पायलचा बाप संघपाल लोणी देवकरला कंपनीत दुसऱ्या पाळीला; ताईबाई म्हणतील ते बरोबर, एवढंच त्याचं मत.

फोनवर पोरगी काय करते, हे फॉर्मात नव्हतं, म्हणून मीही विचारलं नव्हतं. आठ दिवसांनी तिच्या वहीतल्या ओळी वाकड्या दिसल्या, तेव्हा विचारलं. तिची आई मोनाली पुण्यात एका अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीला सांभाळते, तिथंच राहते, महिन्यातून एकदा घरी येते. रोज सहा ते नऊ व्हिडिओ कॉल चालू. बोलणं बेताचंच. इकडं चहाच्या डब्याला टेकवलेल्या फोनपुढं पायलचा अभ्यास, तिकडं आईच्या कपड्यांच्या घड्या. मधूनच आई म्हणायची, ओळ सरळ काढ.

मी ताईबाईंकडं गेलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “आता न्हाय, गुरुजी. अकरा घरांनी हसून घेतलंय. म्हयन्यानं तुमचा कागद दावीन, मगच कुलूप काढीन.”

मीही फार ताणलं नाही. पुढचा फॉर्म महिन्यानंच होता.

तो फॉर्म पायलनं सावकाश भरला. एकटं वाटतं: कधीच नाही. रडू येतं: कधीच नाही. बेरीज तीन. रविराजपेक्षाही एक कमी.

“आता मिळंल न्हवं फोन?” तिनं विचारलं.

संध्याकाळी कागद घेऊन मीच गेलो. ताईबाईंनी तो घडी घालून कनवटीला लावला, ट्रंक उघडली. सहाला पायलनं फोन डब्याला टेकवला. बऱ्याच वेळानं मोनाली दिसली. कडेवर कुणाचं तरी वर्षाचं बाळ.

“सहा ते नऊ रिकामीच बसायचे गं,” ती हलक्या आवाजात म्हणाली. “मन लागंना. वरच्या मजल्यावरच्या बाईंचं बाळ घेतलंय सांभाळायला. बाळापुढं फोन चालत न्हाय त्यास्नी. ठेवू का? रविवारी करते.”

बाळानं पडद्याकडं हात केला, तेवढ्यात फोन बंद झाला.

संस्थेचं पत्र नंतर आलं: सर्वाधिक सुधारणा, चौतीसवरून तीन. कॉल संपला त्या संध्याकाळी मात्र पायलनं फोन स्वतःच ट्रंकेत ठेवला आणि वही उघडली. रडली नाही. फॉर्मात तसंच लिहिलं होतं तिनं.