चिखल गोठण्याची वाट

आमच्या मुलीचं, मायतेचं, दुसरं लग्न झालं ते सत्त्याण्णव साल. बॉयसी शहरात सप्टेंबरच्या शेवटी लग्न लागलं, मग तिचं नवं घर लावून देण्यात आणखी पंधरा दिवस गेले, आणि ऑक्टोबरच्या मध्याला मी आणि माझी बायको आर्डिस आमच्या घरगाडीतून परत निघालो. मायते म्हणाली, हमरस्त्याने सरळ एल्कोला जा, संध्याकाळी घरी असाल. आर्डिस म्हणाली, "सरळच जायचं तर घरगाडी कशाला? त्याला बस आहे."

घरगाडी म्हणजे बसएवढी लांब मोटार. आत पलंग, शेगडी, संडास, जेवायचं टेबल, सगळं. जुनीच घेतली होती. दर वर्षी थंडीच्या आधी तिच्यात बसून आम्ही नेवाडा आणि ओरेगॉनच्या सीमेवरच्या उंच वाळवंटात हिंडायचो. माझं तारुण्य त्या मुलखात मेंढ्यांमागे गेलं. सतराव्या वर्षी स्पेन आणि फ्रान्समधल्या पिरेनीजच्या डोंगरातून, आमच्या बास्क लोकांतून, मेंढपाळ म्हणून इकडे आलो. तेव्हाही गाडीतच राहायचो, दोन घोड्यांच्या. तिच्यातही पलंग होता, शेगडी होती. आर्डिस चारचौघांत माझ्याकडे बोट करून सांगायची, "एरामून काही सुधारला नाही. नुसते घोडे बदलले."

तिची फुप्फुसं तोवर कामातून गेली होती. हवेतून ऑक्सिजन ओढून देणारं एक मशीन पलंगाशेजारी घरघरत असायचं आणि त्याची नळी तिच्या नाकात. मशीनला घरातल्यासारखी वीज लागते. ती द्यायला गाडीच्या पोटात जनरेटर होता. शिवाय अडीनडीला ऑक्सिजनचे दोन लहान सिलिंडर. डॉक्टरांनी तिला उंचावर जाऊ नको म्हणून बजावलं होतं. ती त्यांना म्हणाली होती, "मी जन्मले तेच उंचावर. खाली कुठे जाऊ?"

सीमेवरच्या डेनिओ खेड्याच्या पुढे एक कोरडं तळं आहे. मैलोन्‌मैल सपाट, पांढरं, पाण्याचा थेंब नाही. पार पलीकडच्या काठाला गरम पाण्याचा झरा आहे. आर्डिसला त्यात पाय सोडून बसायचं होतं. रविवार होता, डेनिओचा पेट्रोलपंप बंद. टाकी अर्ध्याला होती. एल्कोला नाही, पण जवळच्या मोठ्या गावाला पोचायला ती भरपूर झाली असती. आम्ही तळ्यावरून गाडी नेली. जमीन सिमेंटसारखी टणक होती, कप हलला नाही.

दुपारभर ती झऱ्यात पाय सोडून बसली. नळी लांब करून खिडकीतून बाहेर काढली होती. मी लसूण घालून पावाचं सार केलं. ती वाटी तोंडाला लावून म्हणाली, "मायतेच्या लग्नातलं जेवण कसलं रे ते! मासा होता की साबण?"

त्या रात्री पाऊस आला. त्या मुलखात वर्षात चार वेळा येईल न येईल असा पाऊस, तो रात्रभर आणि दुसरा दिवसभर पडला. ती माती कोरडी असते तोवर दगड. ओली झाली की घसरते आणि चिकटते, दोन्ही एकदम. मी दार उघडून एक पाय खाली टाकला, तो काढताना बूट तिथेच राहिला.

"निघायचं का?" आर्डिसने विचारलं.

"आज नाही."

"उद्या?"

मी बूट उपटत होतो.

मंगळवारी सकाळी पाऊस थांबला आणि जनरेटर खोकून बंद पडला. मशीनची घरघर थांबली. आर्डिसने माझ्याकडे बघितलं. मी पहिला सिलिंडर उघडून नळी त्याला जोडली आणि पुढे जाऊन जनरेटरचं बटण दाबलं. जनरेटर फिरायचा, पण पेट घ्यायचा नाही. पेट्रोलचा काटा पाव टाकीवर होता. पाव टाकी म्हणजे काही थोडं पेट्रोल नव्हे.

तिने माहितीचं पुस्तक काढलं. मी अक्षर पन्नाशीनंतर शिकलो, बारीक छपाई मला अजून जड जाते, म्हणून असली पुस्तकं तीच वाचायची. श्वास घ्यायला थांबत थांबत तिने वाचलं. जनरेटरची नळी टाकीत मुद्दाम वर ठेवलेली असते. पेट्रोल पावावर आलं की नळीला ते पोचत नाही. कारण जनरेटरने सगळं पेट्रोल पिऊन टाकलं तर गाडी घरी कशी न्याल?

"'आपल्या सुरक्षिततेसाठी,'" ती नाटकी आवाजात म्हणाली. "असं लिहिलंय बघ."

गाडी विकणाऱ्यानेही हे मला सांगितलं होतं. मी स्वतः किती जणांना कौतुकाने सांगितलं होतं, की आमची गाडी कधी रानात पडून राहायची नाही.

इंजिन मात्र सुरू होत होतं. पुढचा पंखा गरम हवा द्यायचा, दिवे लागायचे, रेडिओ वाजायचा. मशीनला लागणारी घरातल्यासारखी वीज तेवढी नव्हती. पेट्रोल काढून जनरेटरला द्यावं म्हणून टाकीच्या तोंडातून रबरी नळी घालून पाहिली, आत जाळी आडवी. गाडीखाली पाठीवर झोपून टाकीची जोडणी चाचपली. हात पोचला, पाना पोचेना. बाहेर आलो तेव्हा डोक्यापासून टाचेपर्यंत चिखलाने लिंपलेला होतो. आर्डिस हसायला लागली आणि हसण्याने तिला धाप लागली.

गाडीत लांबच्या ट्रकवाल्यांशी बोलायचा बिनतारी रेडिओ होता. मी हाका मारत बसलो. कितीतरी वेळ नुसती खरखर. मग एकदम शेजारच्या खोलीतून यावा तसा स्वच्छ आवाज आला. अलाबामाकडचा कुणीतरी आपल्या मेव्हण्याला सांगत होता की ट्रेलरचं डावं चाक गरम होतंय. दोन हजार मैलांवरून. आकाशाला आपटून असे आवाज कधी कधी येतात. मी ओरडलो, "ऐका, बायकोला श्वास लागलाय, आम्ही ओरेगॉनच्या सीमेवर अडकलोय." तो म्हणाला, "ग्रीस घालून बघ, कार्ल." मी पुन्हा ओरडलो. तो म्हणाला, "संध्याकाळी येतोस ना? बायकोने डुक्कर भाजलंय."

"सांग त्याला, आम्हालाही ठेव," आर्डिस म्हणाली.

तो आवाज हळूहळू विरला आणि पुन्हा खरखर राहिली.

मग मी चालत जायचं ठरवलं. तळ्याच्या अल्याड, जिकडून आलो तिकडे, एका गुरंवाल्याचं घर होतं. तरुणपणी मी हे अंतर न्याहारीआधी कापलं असतं. आता एका खुब्यात लोखंड होतं. मी म्हणालो, "काही लागलं तर भोंगा वाजव." ती म्हणाली, "भोंगा वाजवला तर तू काय उडत येणार?"

प्रत्येक पावलाला बुटाला माती चढत गेली. थोड्या वेळाने एकेक पाय बादलीएवढा झाला. मी पडलो. उठलो, खरवडली, चाललो, पुन्हा पडलो. तेव्हा भोंगा वाजला, आणि वाजतच राहिला. मी वळलो. परत जाताना माझ्या मनात काय काय आलं ते लिहीत नाही. दार उघडलं तर ती ड्रायव्हरच्या खुर्चीत बसली होती, सिलिंडर मांडीवर, हात भोंग्यावर.

"काय झालं?"

"काही नाही. तू पडलास."

"एवढ्यासाठी बोलावलंस?"

"दोनदा पडलास. मरायचं तर इथे येऊन मर, म्हाताऱ्या. तिथे पडलास तर मला नुसतं काचेतून बघत बसावं लागेल."

मी खाली पायरीवर बसलो आणि बुटांची माती खरवडायला लागलो. करण्यासारखं तेवढंच होतं.

एक गोष्ट शिल्लक होती, आणि ती मला मेंढ्यांमागच्या दिवसांपासून ठाऊक होती. पानगळीत चिखल झाला तर आम्ही घोडे जुंपायचो नाही. थांबायचं. आकाश मोकळं राहिलं तर पहाटे जमीन गोठते, वर कडक साय धरते, आणि ऊन चढायच्या आत त्यावरून गाडी निघून जाते. मी कैक वेळा असा निघालो होतो. फक्त आकाश मोकळं हवं. आणि ते तर ढगांनी भरलेलं.

मी आर्डिसला सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे आता थंडी पडावी म्हणून नवस करायचा?"

"हो."

"आणि थंडीने माझी छाती भरते त्याचं काय?"

"तेही आहे."

"छान. बघू देव कुणाचं ऐकतो."

उजेड जाता जाता पश्चिमेला ढग फाटले. मी दर थोड्या वेळाने बाहेर जाऊन बोटाने माती दाबून बघायचो आणि आत येऊन तिचे पाय चोळायचो. बाहेर गेलो की वाटायचं, पड, आणखी थंडी पड. आत आलो की तिचे ओठ बघून वाटायचं, पुरे कर. आणखी गार झालं, तेव्हा इंजिन चालवून तिला ऊब देत राहावं, तर पुढे जायला पेट्रोल राहणार नाही. मी असलेली सगळी पांघरुणं तिच्यावर घातली, माझा कोटही. ती पांघरुणाखालून म्हणाली, "मेंढ्यांनाही असंच करायचास का?"

"मेंढ्या बडबडत नव्हत्या."

पहाटे दाराशी टाच आपटली तर खण्ण वाजलं. जमीन गोठली होती. पहिला सिलिंडर संपून दुसरा चालू होता. मी तिला पुढच्या खुर्चीत बांधून बसवलं, इंजिन सुरू केलं आणि गाडी हलली. खरंच हलली. चाकांखाली साय कुरकुरत होती. पूर्वेला उजाडत होतं. आर्डिसने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. मी एक शब्द बोललो नाही, बोललो तर ओझं वाढेल असं वाटत होतं.

तळ्याचा निम्मा पल्ला गेला. मग मागून फळी मोडावी तसा आवाज आला, मागची चाकं साय फोडून आत गेली, आणि सगळी गाडी कुल्ल्यावर बसणाऱ्या बैलासारखी मागे बसली. कपाटं उघडली, भांडी पलंगावर गेली. मी पाय दाबला तेवढी ती आणखी रुतली. मेंढपाळाची लाकडी गाडी आणि दोन घोडे ज्या सायीवरून जातात, तिच्यावरून हे लोखंडाचं धूड जाईल असं मी कसं धरून चाललो, कोण जाणे. मनात मी अजून घोडेच हाकत होतो.

मी इंजिन बंद केलं. आमची दोघांची तोंडं आकाशाकडे होती. सिलिंडरचा काटा तांबड्या भागात आला होता.

"आता?" ती म्हणाली.

"आता काही नाही, आर्डिस."

तिने मान वळवून पलंगाशेजारच्या मशीनकडे बघितलं. मग म्हणाली, "ते बटण दाब."

"कसलं?"

"जनरेटरचं."

"त्याला पेट्रोल पोचत नाही. तूच वाचलंस."

"दाब रे. तुझं काय जातंय?"

तिचं मन राखायला मी दाबलं. जनरेटर फिरला, खोकला, पुन्हा खोकला, आणि लागला. मागे पलंगाशेजारी मशीन टुंई करून घरघरायला लागलं. मी वेड्यासारखा बघत राहिलो. मग कळलं. गाडी मागे बसली तशी टाकी तिरपी झाली होती, आणि होतं नव्हतं ते पेट्रोल मागच्या कोपऱ्यात, त्या नळीच्या तोंडाशी जमा झालं होतं.

मी रांगत जाऊन मशीनची लांब नळी आणली आणि तिच्या नाकाला लावली. थोड्या वेळाने ओठांवर रंग आला तेव्हा तिने मला जवळ बोलावलं.

"आधीच का नाही बुडवलीस?"

मी जे जे विचार करून केलं ते वाया गेलं होतं, आणि जे बिघडवलं त्यावर ती श्वास घेत होती. तेही किती वेळ, ते माझ्या हातात नव्हतं. पेट्रोलचा काटा उतरत होता, आणि मी त्याच्यासमोर बसून होतो. ऊन चढलं, साय वितळली, चारी बाजूंना पुन्हा चकाकता चिखल. आता चालतही जाता येणार नव्हतं.

दुपारी तळ्याच्या काठच्या झुडपांतून एक घोडेस्वार दिसला. चुकलेली गुरं शोधणारा. मी छपरावर चढून पांढरी चादर हलवली. त्याचा घोडा वळणं घेत, कठीण जमीन हुंगत, कितीतरी वेळाने जवळ आला. डेलबर्ट नाव त्याचं, माझ्याच वयाचा.

"काय पाहुणे," तो लांबूनच ओरडला, "जहाज बंदराला लागलं का?"

"बायको आजारी आहे. ऑक्सिजनवर आहे."

त्याने टोपी काढली. मग माझ्या बोलण्याची ढब ऐकून म्हणाला, "बास्क ना तू? मेंढपाळ?"

"होतो."

"मग तुला तरी कळायला हवं होतं की."

आतून आर्डिस म्हणाली, "तेच मी लग्न झाल्यापासून सांगतेय."

तो हसला नाही. घोडा वळवला आणि गेला. संध्याकाळच्या आत त्याने धाडलेला रुंद चाकांचा ट्रॅक्टर आला, आर्डिसला ब्लँकेटात गुंडाळून त्याच्यामागच्या फळीवर निजवलं, उशाला त्यांनी आणलेला मोठा सिलिंडर. डांबरी रस्त्यावर रुग्णवाहिका उभी होती. मागे जनरेटर अजून चालू होता. तो बंद करायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. डेलबर्टने नंतर सांगितलं, अंधार पडल्यावर तो आपला आपण थांबला.

मला वाटलं, सुटलो. ती आठवड्याने घरी आली, पण छाती भरलेली ती भरलेलीच राहिली. ती त्या पहाटेच्या थंडीने भरली की भरायचीच होती, ते मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, सांगता येत नाही. नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सणानंतर तिला एल्कोच्या हॉस्पिटलात ठेवलं. तिथे ऑक्सिजन भिंतीतून येतो, कधी संपत नाही. मी खुर्ची ओढून तिच्याजवळ बसायचो आणि तिचे पाय चोळायचो. शेवटी शेवटी भिंतीतून येणारं तिला आत घेता येईना. मायते नळी पुनःपुन्हा नीट करायची. मी तिला म्हणालो, राहू दे.

आर्डिस त्याच वर्षी, डिसेंबरच्या नऊ तारखेला, मंगळवारी सकाळी वारली.