ऑगस्टची लागवड

मी खोटं बोललो ते एकदा नव्हे, दोनदा. पहिल्या वेळी निदान समोर कुणाचा चेहरा नव्हता.

सत्त्याहत्तर साली मी नाशिकजवळच्या एका प्रयोग क्षेत्रावर सहायक होतो. गवती चहाचा प्रयोग माझ्याकडे होता. जून, जुलै आणि ऑगस्ट अशी तीन वेळा लागवड करायची, प्रत्येकीत दीड, दोन आणि अडीच फुटांचं अंतर ठेवायचं. मग पाला कापून तोलायचा, तेल काढून मोजायचं आणि कुठली वेळ, कुठलं अंतर बरं ते सांगायचं. काम सरळ होतं. वाकडा मी होतो.

ऑगस्टच्या वाफ्यांतले निम्मे ठोंब दिवाळीपर्यंत वाळून गेले. मुळं धरायच्या आतच पाऊस सरला होता. तेवढ्यात मोठे साहेब पाहणीला येणार असं कळलं. उघडे वाफे बघून ते मलाच झापणार, या भीतीनं मी शेतकऱ्याच्या पोराला सुचेल तेच केलं. नांगे भरले. जूनच्या वाफ्यांच्या कडेचे भरदार ठोंब उपटून ऑगस्टच्या रिकाम्या जागी लावले. घरच्या शेतात याला कष्टाळूपणा म्हणतात. प्रयोगात ही लबाडी असते, आणि ते मला कळत होतं.

साहेब खूश झाले. पुढे वजनं मीच केली, मीच लिहिली. ऑगस्टचा आकडा जूनच्या जवळपास आला आणि माहितीपत्रकात छापलं गेलं, की दोन फुटांवर ऑगस्टातली लागवडही चालते.

ते माहितीपत्रक सुरगाण्याकडच्या एका पाड्यावर लंकाबाईला कुणीतरी वाचून दाखवलं. भाताची आवणी, म्हणजे रोपांची लावणी, तिथे जुलै संपेपर्यंत मान वर करू देत नाही. त्यानंतर लावायचं पीक म्हणजे तिच्या अगदी सोयीचं. दरवर्षी दिवाळी झाली की ती आणि तिचा नवरा बहिरू जीपमध्ये कोंबून घेऊन पिंपळगावला द्राक्षांच्या कामाला जायचे. पोरगी तिसरीत होती, तीही बरोबर जायची आणि तिची शाळा बुडायची. गवत जगलं असतं तर जवळच तेलाची भट्टी निघणार होती, घर सोडायचं कारण उरणार नव्हतं. बहिरूला त्या वावरात नेहमीसारखी नागली हवी होती. लंकाबाईनं भांडभांड भांडून वावर ऑगस्टपर्यंत मोकळं ठेवायला लावलं.

एकोणऐंशीच्या नोव्हेंबरात मला तिथे पाहणीला धाडलं. मी वावरात उतरलो. चारातले तीन ठोंब वाळले होते, हात लावला की मुळासकट वर येत होते. बहिरू बांधावर ताठ उभा होता, रामराम घालायलाही तयार नव्हता. लंकाबाई मात्र माझ्या मागे मागे चालत होती.

"तुमची मापाच्या गाठींची दोरी तुटली व्हती, भाऊसाहेब," ती म्हणाली. "मंग म्या तीन तीन विती मोजून लावलं. माझा हात बारका हाय. जवळ जवळ झालं का?"

मी टेप काढला आणि उकिडवा बसलो. दोन फूट. पुढच्या ओळीत मोजलं, दोन फूट. खालच्या उतारावर मोजलं, तिथेही दोनच. इतक्या नेटक्या ओळी मला पगार घेऊन जमल्या नव्हत्या.

सगळं सांगायची हिंमत नव्हती, मान्य. पण 'वेळ चुकली, बाई, आमच्या कागदात चूक आहे' एवढं तरी म्हणता आलं असतं. मग साहेबांनी विचारलं असतं, चूक कशी, कुणाची. माझ्या डोक्यात तेव्हा फक्त माझी नोकरी होती. आजही आठवलं की स्वतःची किळस येते.

"थोडं जवळच झालं," मी टेप गुंडाळत म्हणालो.

लंकाबाईनं खाली बघून मान हलवली. मग बहिरूकडे वळली.

"ऐकलं ना? चूक माझ्या हाताची हाय. तू घरात यांना नाय नाय ते बोलत व्हता."

बहिरू बांधावरून खाली उतरला. डोक्यावरची टोपी काढून त्यानं माझ्यापुढे हात जोडले.

"माफ करा, भाऊसाहेब," तो म्हणाला. "म्या तुमाला खोटं म्हनलो."